पंखाखालचे खड्डे

रविवारी सकाळी संचिताने बाल्कनीचं दार उघडलं, खिळ्याला टांगलेलं, स्वतः बनवलेलं पिवळं विमान खाली काढलं, उलटं केलं आणि ती जागच्या जागी थबकली. डाव्या पंखाच्या पोटाला पुन्हा एक खड्डा पडला होता.

हरभऱ्याएवढा, गोल, गुळगुळीत कडांचा. उंदराने कुरतडलं असतं तर कडा दातेरी दिसल्या असत्या आणि खाली चुरा पडला असता. कुणाचा धक्का लागला असता तर फोम नुसता दबला असता. इथे तो विरघळून आत बसला होता आणि रंगाची पातळ साय त्या खड्ड्यात सुरकुतून पडली होती. असे खड्डे याआधीही पडले होते. एकदा निळ्या विमानाला, एकदा याच पिवळ्याच्या शेपटीला.

फोमबोर्ड कशाने विरघळतो हे संचिताला कुणी सांगायची गरज नव्हती. ती केमिस्ट्रीची बी.एस्सी., नोकरी काशीमीऱ्याला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये. फोमबोर्डच्या दोन कागदांमधला फोम म्हणजे थर्माकोलचा सख्खा भाऊ. थिनरचा किंवा पेट्रोलचा एक थेंब पडला की जागच्या जागी बसतो. विमान हलकं व्हावं म्हणून ती बोर्ड भिजवून वरचे कागद सोलून काढायची, त्यामुळे फोम तर उघडाच. म्हणूनच तिच्या बाल्कनीत थिनरला बंदी होती. रंग पाण्यात मिसळणारा. तो दुधाइतका पातळ करायचा, गाळून एअरब्रशच्या वाटीत ओतायचा, जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर हवा कमीत कमी ठेवायची आणि आधी वर्तमानपत्रावर एक फवारा मारून बघायचा. मग पंखापासून वीतभर अंतरावरून, हात मध्येच न थांबवता, धुक्यासारखे थर द्यायचे. एक वाळला की दुसरा. हात थांबला की तिथे ओघळ आलाच म्हणून समजा. ऑर्कुटवर विमानवाल्यांचा एक ग्रुप होता, तिथे तिने फोटो टाकले की लोक विचारायचे, भाऊ, एवढं सफाईदार शेडिंग कुठून शिकलात? ती भाऊ नाही हे सांगायचा तिला कंटाळा यायचा.

तर घरात थिनर नव्हतं. म्हणजे ते बाहेरून येत होतं, कुणाच्या तरी हाताने. आणि खड्डे सापडायचे ते रविवारी सकाळीच. शनिवारी त्यांच्याकडे बाहेरचा एकच माणूस यायचा. तो म्हणजे निहार.

निहार साळवीशी तिचा साखरपुडा दिवाळीनंतर झाला होता, लग्न मे महिन्यात ठरलं होतं. हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये तो गाड्यांच्या पेंटिंगचं काम बघायचा आणि शनिवारी दुपारी तिथून परस्पर जेवायला यायचा. हातपाय धुऊन, भांग पाडून यायचा, तरी नखांच्या कडेला थिनरचा वास रेंगाळत असायचा. बघायच्या कार्यक्रमातच संचिताने त्याला विमानांबद्दल सांगून टाकलं होतं. तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता. नोझल केवढं, कॉम्प्रेसरमध्ये पाणी साठतं त्याचं काय करता, असं बारीकसारीक विचारत राहिला. आणि मग जाता जाता म्हणाला होता, "पण लग्नानंतर हे सगळं ठेवणार कुठे? आमचं तर वन रूम किचन आहे."

त्यानंतर त्याने विमानांचं नाव एकदाही काढलं नव्हतं. एकदाही नाही. एखाद्या माणसाने पहिल्या दिवशी एवढे प्रश्न विचारावेत आणि पुढे चार-पाच महिने अवाक्षर काढू नये, हे संचिताला खटकत होतं. त्यात दर शनिवारी जेवण झालं की तो फोन कानाला लावून म्हणायचा, "इथे रेंज मिळत नाहीये, जरा बाल्कनीत जातो," आणि दार ओढून घ्यायचा. संध्याकाळी ती दोघं जेसल पार्कच्या चौपाटीवर फिरायला जायची, खाडीकडे तोंड करून शेंगदाणे खायची. तेव्हाही विषय निघायचे ते हॉलचे, बँडवाल्याचे, त्याच्या मावशीच्या रुसव्याचे.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. थेंब वरून पडतो, खड्डे तर पंखाच्या पोटाला होते. संचिताने त्यावर विचार केला आणि उत्तर काढलं, की त्याने विमान मुद्दाम उलटं केलं असणार, पटकन दिसू नये म्हणून. लॅबमध्ये कुणी अशी ओढूनताणून जुळवाजुळव केली असती तर तिने त्याला रीडिंग पुन्हा घ्यायला लावलं असतं. घरात कोण कुणाला सांगणार?

"त्याला विचार ना सरळ," लॅबमधली ममता डबा खाताना म्हणाली.

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर नाही."

"चोर असला तरी नाहीच म्हणेल आणि नसला तरी नाहीच म्हणेल. मग विचारून काय कळलं?"

ममताने पोळीचा तुकडा तसाच हातात धरला. "तू लग्न करतेयस का सीआयडीत भरती होतेयस?"

"मी त्याच्या घरात जाऊन राहणार आहे, ममता. जो माणूस तोंडाने काही बोलत नाही आणि पाठीमागे माझी वस्तू नासवतो, त्याच्याबरोबर. आयुष्यभर. मे महिन्याच्या आत मला हे माहीत व्हायला हवं."

ममताने डब्याचं झाकण लावलं आणि समोरच्या शेल्फकडे बघत म्हणाली, "फिनॉल्फथॅलीन लाव मग विमानाला."

ती चेष्टेत बोलली होती, पण संचिताच्या डोक्यात ते बसलं. पांढरी, बिनवासाची पावडर. तिला सोड्याचं किंवा साबणाचं पाणी लागलं की गडद गुलाबी होते. लाच घेणाऱ्याला पकडतात तेव्हा नोटांना हीच फासतात. शुक्रवारी घरी येताना तिच्या पर्समध्ये एका छोट्या बाटलीत चिमूटभर पावडर होती.

शनिवारी लॅब अर्धाच दिवस असायची, तरी तिने रजा टाकली. आईला सांगितलं, डोकं दुखतंय. मंदाताईंचा चेहरा एकदम उतरला. "आजच नेमकं?" त्या म्हणाल्या आणि उगाचच बाल्कनीच्या दाराकडे बघून स्वयंपाकघरात गेल्या. संचिताने तेही पाहिलं, पण तिचा सगळा संशय एकाच माणसावर खर्च झालेला होता, आईसाठी काही उरलेलाच नव्हता. तिने मऊ ब्रशने दोन्ही विमानांच्या पंखांखाली पावडरीचा हात फिरवला, दार लावलं आणि ठरवलं की आता दुपारपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. प्रयोग चालू असताना मध्येच भांडं उघडून बघायचं नसतं.

बाराच्या सुमारास आईने तिला डेअरीतून श्रीखंड आणायला पिटाळलं.

"डोकं दुखतंय ना माझं?"

"म्हणून तर म्हणते, जरा हवा लागेल. आणि घाई नको हां करू, सावलीतून ये."

ती परत आली तेव्हा निहार हॉलमध्ये बसला होता आणि तिचे बाबा, आत्माराम, त्याला कालच्या मॅचमध्ये अंपायर कसा चुकला ते समजावून सांगत होते. जेवणं झाली. निहारने श्रीखंड दोनदा घेतलं. मग त्याने खिशातून फोन काढला, स्क्रीनकडे बघून कपाळाला आठी घातली आणि ठरल्यासारखा बाल्कनीत गेला. दार ओढलं. संचिता बेसिनजवळ जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने तो बाहेर आला.

"हात धुऊन घे," ती म्हणाली.

"आत्ताच जेवल्यावर धुतले की."

"परत धू. बाल्कनीत धूळ असते."

त्याने बेसिनवरची निळी वडी उचलून बघितली. "हा कपड्यांचा साबण आहे."

"अंगाचा संपलाय."

"माझे हात काय बनियन आहेत?" तो हसला, पण त्याने हात धुतले. संचिता त्याच्या बोटांकडे अशी बघत होती, जणू लॅबमधल्या ब्युरेटच्या नळीतून शेवटचा थेंब पडायचा बाकी आहे. फेस पांढरा होता.

"अजून चोळ."

"संचिता, मी ऑपरेशन करायला नाही चाललोय."

तरी त्याने चोळले. फेस पांढराच राहिला. नखांच्या कडाही कोऱ्याच. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आज त्याने हात लावला नसेल, सावध झाला असेल.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आरोळी आली. "अगं आई गं! हे काय झालं मला?"

सगळे धावले. मंदाताई सिंकपाशी दोन्ही हात पुढे धरून उभ्या होत्या. कोपरापर्यंत गुलाबी. भांड्यांवरचा फेस गुलाबी, घासणी गुलाबी, बांगड्यांमधून गुलाबी पाणी ठिबकत होतं.

"बीट चिरलंस का?" आत्मारामनी विचारलं.

"बीट कुठलं? कोशिंबीर काकडीची खाल्लीत ना आत्ता!"

"मग रंगपंचमी तर होऊन गेली."

"तुम्ही गप्प बसा हो! निहारराव, डॉक्टरकडे जायला लागेल का?"

निहारने जवळ जाऊन पाहिलं. "घाबरू नका काकू. ही ती पावडर आहे. लाच घेताना पकडतात ना, नोटांना लावतात. पेपरात येतं बघा, हात धुतले की गुलाबी होतात." तो हसायला लागला. "काय काकू, कुणाकडून काय घेतलंत?"

आणि हसता हसता थांबला. त्याने स्वतःच्या ओल्या हातांकडे पाहिलं, बेसिनवरच्या निळ्या वडीकडे पाहिलं, आणि मग संचिताकडे.

संचिता आईकडे बघत होती. "तू विमानांना हात लावलास?"

मंदाताईंनी पदराला हात पुसले, तर पदरही गुलाबी झाला. मग त्या आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दिवाणाची फळी उचलली. आत गोधड्यांवर दोन्ही विमानं झोपवलेली होती. पिवळं विमान संचिताने अलगद वर उचललं, तर पंखाखाली एक पांढरी गोळी चिकटून वर आली. डांबराची गोळी. गोधड्यांमध्ये आईने त्या मूठमूठ टाकलेल्या होत्या. कपाटात, सिंकमध्ये, मोरीत, घरात जिथे तिथे त्या असायच्या, इतक्या की त्यांचा वास येतो हेच संचिताला जाणवेनासं झालं होतं. तिने गोळी नखाने सोडवली. खाली फोमला बारीकशी खळी पडायला लागली होती. उन्हाळ्याच्या दिवसांत, बंद पेटीत, या गोळीतलं नॅप्थलीन थर्माकोलला लागून राहिलं तर काय होईल, असं परीक्षेत विचारलं असतं तर तिने पानभर लिहिलं असतं.

"निहारराव यायचे असले की आत ठेवते," मंदाताई म्हणाल्या. "सकाळी तू कामावर गेलीस की. संध्याकाळी तुम्ही फिरायला गेलात की परत टांगते. मला काय माहीत ते असं विरघळतं? झुरळं लागू नयेत म्हणून तर मुद्दाम गोळ्या जवळ सरकवल्या."

"पण का?"

"का म्हणजे? लग्नाची मुलगी विमानं उडवते, बाल्कनीत मोटार लावून फुसफुस करत बसते. ते त्या दिवशी म्हणाले, ठेवणार कुठे. म्हटलं, उद्या त्यांच्या आईच्या कानावर गेलं आणि काही बिनसलं तर?"

"काकू," निहार दारातून हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही तर मला सांगितलंत, तिने सोडलं. विषय काढू नका म्हणालात, तिला वाईट वाटतं."

मंदाताईंनी दिवाणाची फळी खाली टाकली.

"आणि म्हणून तू विचारलं नाहीस?" संचिता म्हणाली. "मग दर शनिवारी बाल्कनीत जाऊन काय करायचास?"

"बघायचो. एखादं तरी आहे का. नुसता खिळा दिसायचा, आणि कॉम्प्रेसर पिशवीत. फोनबिन काही नसायचा." त्याने कानशिलावरून हात फिरवला. "पावडर कुणासाठी होती?"

उंदरासाठी, असं म्हणता आलं असतं. बाबांनी ते लगेच उचलूनही धरलं असतं. संचिता म्हणाली, "तुझ्यासाठी."

निहारने मान हलवली. चपला घातल्या, हेल्मेट उचललं. "आज चौपाटी राहू दे," एवढंच म्हणाला आणि जिना उतरला.

रविवार फोनविना गेला. मंदाताईंनी देवापुढे दोनदा दिवा लावला आणि सतरा वेळा एकच वाक्य म्हटलं, "माफी माग आणि मोकळी हो." आत्माराम पेपर उलटा धरून बसले होते. ते म्हणाले, "त्यांच्याकडून नकार आला तर हॉलवाला ॲडव्हान्स परत देत नाही, एवढं मला माहीत आहे," आणि बायकोने बघितल्यावर पुन्हा पेपरात शिरले.

संचिताने माफी मागायचं ठरवलंच होतं, पण तेवढ्याने तिचं समाधान होत नव्हतं. खड्डे कुणी पाडले ते कळलं होतं. तिला मुळात जे हवं होतं ते मात्र कळलं नव्हतं. या माणसाला तिची विमानं घरात हवी आहेत की नकोत? हे कुठल्याही पावडरीने कळणार नव्हतं. आणि ज्याने ते कळलं असतं तेवढंच तिने केलं नव्हतं.

सोमवारी लॅब सुटल्यावर ती हायवे ओलांडून त्याच्या गॅरेजमध्ये गेली. पहिल्यांदाच. मागच्या बाजूला प्लास्टिकच्या पडद्याआड तो एका बॉनेटवर रंग मारत होता. तोंडाला मास्क, हातात तिच्या एअरब्रशच्या चौपट मोठी गन. ती पडद्याबाहेर उभी राहून बघत राहिली. पत्र्याच्या अलीकडे फवारा सुरू, पत्र्याच्या पलीकडे गेल्यावर बंद. हात कुठेही रेंगाळत नव्हता. कॉम्प्रेसर मात्र असा धडधडत होता की पायाखालची लादी थरथरत होती.

तो बाहेर आला. गालांवर मास्कचे वळ उमटले होते. "आता काय तपासायला आलीस?"

"माझं चुकलं. तुला आधी विचारायला हवं होतं."

"हं."

"म्हणून आता विचारायला आलेय. लग्नानंतर मी विमानं करावीत असं तुला वाटतं का? मला बरं वाटेल असं उत्तर नको."

निहारने चिंधी थिनरमध्ये बुडवली आणि एकेक बोट पुसत बसला. शेजारून ट्रकांची रांग गेली.

"काकू म्हणाल्या ना, तिने सोडलं," तो म्हणाला, "तेव्हा मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, म्हणून तर बाल्कनीत जाऊन बघायचो. पण त्याच्या आधी बरं वाटलं होतं. क्षणभर. आता तू खरं विचारतेयस म्हणून सांगतोय."

संचिताला ते लागलं. म्हणजे संशय घेतला होता तो पुरता हवेतला नव्हता. "का बरं वाटलं? जागेमुळे?"

"जागा आहेच. पण हे ऐकतेयस ना?" त्याने मानेनेच कॉम्प्रेसर दाखवला. "सकाळपासून हे कानात असतं. रात्री उशीवर डोकं टेकलं तरी चालूच असतं. घरी गेल्यावर पुन्हा तेच, पुन्हा रंग, पुन्हा फवारा... माणसाला कुठेतरी शांत लागतं ना?"

हे तिच्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. तिने त्याच्या मनात काय काय असेल याची मोठी यादी केली होती. मत्सर, हट्ट, आईची भीती, बायकोने काय करावं याबद्दलची मतं. थकलेले कान त्या यादीत नव्हते.

"मी सोडणार नाही," ती म्हणाली. "हे आत्ताच सांगते, मे महिन्यानंतर नको. पण तू घरी असताना कॉम्प्रेसर लावणार नाही. माझी लॅब तुझ्या गॅरेजच्या आधी सुटते. तेवढ्यात माझं होईल. हे चालेल का ते तू ठरव. चालत नसेल तर तसं सांग."

"आणि ठेवणार कुठे?"

संचिताने पर्समधून मेजरिंग टेप काढली. "घर किती बाय किती आहे?"

"मला काय माहीत? झोपण्यापुरतं आहे."

"छत उंच असेल तर आडवी टांगता येतील. भिंत मोजल्याशिवाय काही सांगता येणार नाही. चल."

"आत्ता?" त्याने चिंधी डब्यात टाकली. "आई आहे घरी. तिला काय सांगू?"

"विमानांसाठी भिंत मोजायला आलेय म्हणून सांग."

तो तिच्याकडे बघत राहिला. हीसुद्धा एखादी चाचणी आहे का, हे त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं, आणि तसं दिसणं तिच्याच कर्माचं फळ होतं. "आणि जागा नाही निघाली तर?"

"तर तेही दोघांना एकदमच कळेल."

निहारने फोन काढला. आडोशाला गेला नाही, पाठही फिरवली नाही, तिच्यासमोरच नंबर लावला.

"आई, मी संचिताला घेऊन येतोय. नाही, जेवायला नाही. तिला भिंत मोजायची आहे... भिंत. हो, बाहेरच्या खोलीतली." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "तिच्या विमानांसाठी. नाही, सोडलं नाही तिने. करते अजून."

पलीकडून आई काय म्हणते याची दोघंही वाट बघत होती. संचिता टेपची पट्टी बोटभर बाहेर ओढत होती आणि आत सोडत होती, आणि निहार फोन कानाला तसाच लावून तिच्याकडे बघत उभा होता.